तीन महिन्यांची शित्झू घरभर सू करते, काय करावं?

ताई, सगळ्यात आधी पाण्याचं भांडं परत तिच्या जागेवर ठेवा. बाकीचं उत्तर त्यानंतर वाचा.

लातूरहून तुम्ही लिहिलंय की शित्झू या लहान जातीच्या कुत्र्याचं तीन महिन्यांचं मादी पिल्लू आणून वीस दिवस झाले. गच्चीवर नेलं की ती खेळत बसते आणि खाली आणलं की दोन मिनिटांत हॉलमध्ये सू करते. शी कॉटखाली करते. सासूबाईंच्या अंथरुणावर दोनदा केलं, आणि आता त्या म्हणतात की देवघरापर्यंत गेली तर ही घरात नको. पेपरची गुंडाळी उगारून झाली, नाक घासून झालं, आणि आता संध्याकाळी सहानंतर पाणी आणि रात्रीचं खाणं बंद केलंय. शेवटी विचारलंय, "ती मुद्दामच करायली का, डॉक्टर?"

मी परभणीच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकलो आणि गेली बावीस वर्षं नांदेडला प्रॅक्टिस करतो. पाणी आणि खाणं तोडण्याबद्दल मला इतकी काळजी का वाटते, ते सांगतो. काही वर्षांपूर्वी एका सकाळी एक जोडपं टॉवेलात गुंडाळून पॉमेरेनियनचं पिल्लू घेऊन आलं. वजन जेमतेम नऊशे ग्रॅम. मान टाकलेली, हिरड्या पांढऱ्या, अंग गार. विष खाल्लं का म्हणून घाबरले होते. विचारल्यावर कळलं, गादी खराब होते म्हणून तीन दिवसांपासून रात्रीचं जेवण बंद केलं होतं. रक्तातली साखर घसरली होती. इतक्या लहान जिवाच्या यकृतात साखरेचा साठाच थोडा असतो, रात्रभर उपाशी राहिलं की तो संपतो. हिरड्यांवर मध चोळला, शिरेतून ग्लुकोज दिलं, आणि ते पिल्लू उठलं. प्रत्येक वेळी असं उठतंच असं नाही. म्हणून चार महिन्यांपर्यंत दिवसातून तीन ते चार वेळा थोडं थोडं खाणं हवंच, त्यात रात्रीचंही आलं. पाण्याचं म्हणाल तर मोठ्या कुत्र्याला वजनाच्या किलोमागे दिवसाला साधारण ५० ते ६० मिली लागतं, पिल्लाला त्याहून जास्त. आपल्याकडे मे महिन्यात पारा बेचाळीसच्या वर जातो. अशा दिवसांत पाणी बंद म्हणजे आजाराला बोलावणं. फार तर झोपण्याआधी तासभर भांडं उचला, तेही कडक उन्हाळ्यात नको.

आता तुमचा प्रश्न. नाही, ती मुद्दाम करत नाही. तिला अजून ते रोखताच येत नाही. पिल्लू जन्मतं तेव्हा स्वतःहून सू सुद्धा करू शकत नाही, आई चाटते तेव्हा होते. तिसऱ्या आठवड्यानंतर ते हळूहळू झोपायच्या जागेपासून बाजूला जाऊन करायला लागतं. सात ते नऊ आठवड्यांच्या सुमारास पायाखाली जे लागतं, म्हणजे माती, गवत, कागद, फरशी, त्याच्याशी ती क्रिया जोडली जाते. आपल्याकडे विकणारे "पंचेचाळीस दिवसांचं पिल्लू" हौसेनं सांगतात. २०१७ च्या केंद्रीय नियमांनुसार आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकताच येत नाही, तरी सर्रास विकतात. ही पिल्लं आईपासून लवकर तुटतात आणि मग पिंजऱ्यात, जाळीवर नाहीतर पेपरवर राहतात. जिथे झोपायचं तिथेच करायचं, हे तिथं त्यांच्या अंगवळणी पडतं. तुमची पिंजऱ्यातून आली असेल तर तिला थोडा जास्त वेळ लागेल. ज्याच्याकडून आणली त्याला एवढंच विचारा की तिच्या पायाखाली काय असायचं. त्यावरून सुरुवात कुठून करायची ते ठरतं.

सू रोखण्याचा ढोबळ हिशोब असा की वय जितके महिने त्यात एक मिळवायचा, तितके तास. पण तो पिल्लू झोपलेलं असताना आणि मोठ्या जातीला. तुमच्या दोन-अडीच किलोच्या शित्झूची मूत्राची पिशवी लिंबाएवढी असेल-नसेल. जागी असताना, खेळताना, पाणी पिल्यावर तिच्यासाठी मी पाऊण तास धरतो. फार तर एक तास. तुम्ही लिहिलंय की "दर तीन तासांनी नेतो". गडबड तिथेच आहे.

लहान जातींची बदनामी अशी की त्यांना सवय लागतच नाही. दवाखान्यात मला उलटंच दिसतं. लॅब्राडॉरच्या पिल्लानं हॉलमध्ये केलं तर तळं होतं, घरभर आरडाओरड होते आणि दुसऱ्या दिवसापासून सगळे कामाला लागतात. शित्झूनं केलं तर दोन चमचे. सोफ्यामागे, कॉटखाली, फ्रिजच्या कडेला ते वाळून जातं आणि कुणाला दिसतही नाही. तिला मात्र त्याचा वास येत राहतो, आणि वास आला की तिच्या दृष्टीनं ती करायची जागा. न दिसलेल्या अशा दहा-बारा वेळांत सवय पक्की होते, आणि आपण म्हणतो, जातच हट्टी.

गच्चीवर ती का करत नाही? दोन कारणं दिसतात. पहिलं, गच्ची तिच्यासाठी जत्रा आहे. कबुतरं, शेजारच्या गच्चीवरचे पापड, खालून येणारा आवाज. या नादात ती विसरते, आणि खाली शांत हॉलमध्ये आली की आठवतं. दुसरं कारण आपल्या उन्हाचं आहे. दुपारी स्लॅब इतका तापतो की तळहाताची पालथी बाजू पाच-सात सेकंद टेकवत नाही. जिथे आपला हात टिकत नाही तिथे तिचे पंजे कसे टिकतील? ती तिथून पळणार आणि थंड फरशीवर येऊन करणार. त्यात तिची चूक काढता येत नाही.

म्हणून गच्ची फक्त सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी ऊन गेल्यावर. गळ्यात पट्टा आणि दोरी घालून एकाच कोपऱ्यात न्या, मोकळं सोडू नका. पाच मिनिटं गप्प उभ्या राहा, मोबाइलही नको, बोलायचंही नाही. केलं नाही तर खाली आणा, पण खाली सोडू नका. मांडीवर घ्या किंवा तिच्या खोक्यात ठेवा, दहा मिनिटांनी परत न्या. ही दहा मिनिटं सगळ्यात महत्त्वाची आहेत आणि नव्वद टक्के घरं इथेच कंटाळतात. केलं की त्याच क्षणी शाबासकी आणि तोंडात काहीतरी द्या, उकडलेल्या चिकनचा किंवा पनीरचा हरभऱ्याएवढा तुकडा. घरात येऊन डबा उघडून दिला तर तिला वाटेल घरात आल्याचं बक्षीस आहे. तुकडे पदराला किंवा खिशात बांधूनच वर जा. आणि केल्याकेल्या खाली आणू नका. थोडं खेळू द्या. नाहीतर ती शिकते की सू केली की मजा संपते, आणि धरून ठेवायला लागते.

घरातल्या सगळ्यांनी एकच शब्द वापरायचा. "सू कर" ठरलं तर तेच, मुलांनी वेगळं आणि आजोबांनी वेगळं नको. ती करत असताना हळू आवाजात म्हणा. महिनाभरात तो शब्द ऐकून ती करायला लागते. पावसात छत्री धरून उभं राहावं लागतं तेव्हा याचा उपयोग कळतो.

दुपारसाठी आणि रात्रीसाठी घरात एक ट्रे लागेल. बाजारात पिल्लांसाठी पॅड मिळतात, पण मी ते आपल्या घरांना सहसा सुचवत नाही. पॅड कापडासारखा मऊ लागतो. ज्या पिल्लाला मऊ कापडावर करायची सवय लागली त्याला पायपुसणं, सतरंजी, वाकळ, गादी यांतला फरक कसा कळावा? आपल्याकडे अंथरुणं जमिनीवर घालतात, त्यामुळे हा घोळ आणखी वाढतो. सासूबाईंच्या अंथरुणावर झालं त्याचं मूळ कदाचित हेच असेल. पेपरचंही तसंच, पुढे सकाळी दारात पडलेल्या ताज्या पेपरवर पहिला हक्क तिचा.

त्यापेक्षा प्लॅस्टिकचा पसरट ट्रे घ्या, कडा दोन-तीन इंचांची, म्हणजे तिला चढता येईल. त्यात माती घाला. आपली काळी माती नको, ओली झाली की ती पंजाला लाडवासारखी चिकटते. बारीक मुरूम आणि वाळू मिसळून घ्या, किंवा नर्सरीतली खत न घातलेली लाल माती. रस्त्याकडेची, कुत्री फिरतात तिथली माती आणू नका. पार्वो, म्हणजे पिल्लांना जीवघेणे जुलाब-उलट्या लावणारा आजार, त्याचा विषाणू मातीत कित्येक महिने जिवंत राहतो आणि तिच्या लसी अजून पूर्ण झाल्या नसतील. सहा ते आठ आठवड्यांना पहिली, मग दर तीन-चार आठवड्यांनी, सोळा आठवड्यांपर्यंत, आणि तीन महिन्यांना रेबीजची. तोवर तिला रस्त्यावर, बागेत खाली सोडू नका. गच्ची आणि ट्रे एवढंच तिचं जग. ट्रेमधली शी रोजच्या रोज उचला. जंताची अंडी मातीत दोन-तीन आठवड्यांत संसर्गाला तयार होतात, आणि घरात लहान मुलं आहेत. सगळी माती आठवड्याला बदला. पहिल्या दिवशी तिनं केलेली सू जुन्या कापडावर टिपून त्या मातीवर पिळा, म्हणजे जागा तिला नाकानं सापडेल.

आता दिवस कसा जाईल. सकाळी ती उठली की तुमचा चहा नंतर, आधी तिला उचलून गच्चीवर. उचलूनच, कारण चालत नेलं तर जिन्यातच होईल. खाणं झालं की पाच ते तीस मिनिटांत शी येते, पोट भरलं की आतडी हलतात. झोपेतून उठली की लगेच, खेळ थांबला की लगेच, पाहुणे येऊन उत्साह झाला की लगेच. मध्ये पाऊण तासाचा गजर. रात्री तिचं खोकं तुमच्या अंथरुणाजवळ ठेवा. ती कुरकुरली की उठा, दिवा न लावता, न बोलता ट्रेवर ठेवा, झालं की परत खोक्यात. पहिले तीन-चार आठवडे एकदा-दोनदा उठावं लागेल. भिंतीवरच्या कॅलेंडरवर आपण दुधाचा हिशोब मांडतो तसं रोजच्या चौकोनात लिहा, किती वाजता, कुठे, सू की शी. चार दिवसांत तुम्हाला तिच्या वेळा दिसायला लागतील. हे लिहिणं टाळू नका, माझं अर्धं निदान त्या चौकोनांतून होतं.

घरभर फिरू देणं आजपासून बंद. अख्खं घर तिच्यासाठी गावाएवढं आहे, आणि हॉलमधून गच्चीच्या जिन्यापर्यंत तिला पोहोचताही येत नाही. एकतर ती तुमच्यासोबत, दोरीचं टोक तुमच्या कमरेला बांधलेलं, म्हणजे स्वयंपाक करतानाही ती नजरेत राहील. हुंगत गोल फिरायला लागली, खेळता खेळता एकदम बाजूला निघाली, की उचला. किंवा मग खोक्यात. पिंजरा म्हटलं की लोकांना कैद वाटते, मला ते कळतं. पण उभं राहता, वळता आणि पाय पसरून झोपता येईल एवढीच जागा असलेलं, वरून हवेशीर, कूलरच्या वाऱ्याच्या जरा बाजूला ठेवलेलं खोकं पिल्लाला गुहेसारखं वाटतं. तिथे ती धरून ठेवायचा प्रयत्न करते. खोकं फार मोठं घेतलं तर एका कोपऱ्यात झोपते, दुसऱ्यात करते. दिवसा सलग दीड-दोन तासांच्या वर कोंडू नका, आणि शिक्षा म्हणून तर कधीच नाही.

नाक घासणं आणि पेपरची गुंडाळी, हे थांबवा. मला माहीत आहे, तुम्हाला कुणीतरी मोठ्यानं सांगितलं असणार, पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलेत. पण केल्यानंतर दहा मिनिटांनी मारलं तर तिला ते कशासाठी हे कळत नाही. एवढंच कळतं की माणसासमोर सू केली की मार बसतो. म्हणून ती कॉटखाली जाते. गच्चीवर तुम्ही शेजारी उभ्या असताना करत नाही, त्यातही ही भीती असू शकते. काही पिल्लं मार चुकवायला स्वतःची शीच खाऊन टाकतात. "पण तिला कळतं, चेहरा बघा कसा करते" असं म्हणाल. २००९ मध्ये अलेक्झांड्रा होरोवित्झ या संशोधिकेनं हा अपराधी चेहरा तपासला. कुत्र्यानं चूक केली की नाही यावर तो अवलंबून नव्हता, मालक रागावला की नाही यावर होता. चूक न केलेली कुत्रीही रागावल्यावर तसाच चेहरा करत होती. करताना प्रत्यक्ष सापडली तर फक्त "अं-अं" म्हणा, उचला, ट्रेवर ठेवा. उरलेलं तिथे केलं तर शाबासकी.

साफसफाईबद्दल. लातूरच्या जुन्या घरात फरशी शहाबादी असेल तर तिच्या जोडांत सू मुरते, वरून पुसलं तरी वास खाली राहतो. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं ते तुमचं शहर. बादलीभर पाणी ओतून फरशी धुवा, असं मी तुम्हाला सांगणार नाही, आणि त्याची गरजही नाही. पाणी ओतलं की वास पसरतो. आधी जुन्या सुती कापडानं दाबून टिपा, घासू नका. मग एन्झाइम असलेल्या कपड्यांच्या पावडरचं पाणी, पाकिटावर लिहिलेलं असतं, जोडांवर टाकून दहा-पंधरा मिनिटं तसंच ठेवा आणि ओल्या कापडानं पुसून घ्या. व्हिनेगर सगळे सुचवतात, ते साध्या टाइल्सवर चालतं. शहाबादी दगड चुनखडीचा, आंबट लागलं की तो खातो, खरबरीत होतो आणि मग वास आणखी धरतो. लिंबू, ॲसिड त्यावर नकोच. काळं फिनाईल बंद करा, ती पंजे चाटते आणि ते पोटात जातं. अमोनियाच्या वासाची क्लीनर्सही नकोत, सूचा वासही तोच, तिला वाटेल कुणीतरी करून गेलंय. ब्लीच सूवर किंवा ॲसिडसोबत कधी वापरू नका, विषारी वायू तयार होतो.

सासूबाईंचं म्हणणं मी हलकं धरत नाही. देवघर, तुळस, सोवळं या घरातल्या खऱ्या गोष्टी आहेत, आणि त्यांचा त्रास खरा आहे. देवघराच्या खोलीला लाकडी फळीचं छोटं दार करा, दीड फूट उंच, शित्झूला ते पुरतं. त्यांचं अंथरूण दिवसा गुंडाळून वर ठेवा. आणि जमलं तर सकाळची शाबासकी त्यांच्या हातून द्यायला लावा. हिंगोलीच्या एका घरात ज्या आजी पिल्लाला शिवत नव्हत्या, त्याच पहाटे पाचला उठणाऱ्या असल्यानं सगळ्यात आधी त्याला गच्चीवर न्यायला लागल्या. महिनाभरात सवय लागली ती त्यांच्यामुळे, घरातले बाकीचे सात वाजता उठायचे.

खाण्याचं थोडक्यात. दूध-भाकरी देत असाल तर थांबवा. गाईचं किंवा म्हशीचं दूध बऱ्याच पिल्लांना पचत नाही, शी पातळ होते, आणि पातळ शी कुणालाच रोखता येत नाही. ठरलेल्या वेळी ठरलेलं खाणं, पंधरा मिनिटांत उरलं तर उचला. वेळेवर खाल्लं की वेळेवर होतं. जंताचं औषध वयाच्या दुसऱ्या आठवड्यापासून दर दोन आठवड्यांनी आणि तीन महिन्यांनंतर सहाव्या महिन्यापर्यंत दर महिन्याला लागतं, ते राहिलं असेल तर आधी द्या.

तुम्ही घरी आल्यावर ती पायाशी लोळत थोडीशी सू करते, असंही लिहिलंय. ते वेगळं आहे. ती तिची नम्रता आहे, सवयीशी त्याचा संबंध नाही. वाकून कौतुक करू नका, आल्यावर मिनिटभर दुर्लक्ष करा, मग खाली बसून बाजूनं हात लावा. मोठी होता होता जातं.

पण काही गोष्टींत घरच्या उपायांवर थांबू नका. दर दहा मिनिटांनी दोन थेंब, करताना कण्हणं, लालसर सू, जागा सतत चाटणं, हा बहुधा मूत्रमार्गाचा संसर्ग, मादीत जास्त. झोपेतही सतत ओली राहत असेल तर जन्मतः मूत्रनलिका चुकीच्या जागी जोडलेली असू शकते, सोनोग्राफी करावी लागते. आणि खाणं सोडलं, उलटी, वास मारणारी रक्ताची शी, तर त्याच दिवशी डॉक्टरकडे, उद्या नको. मोठ्या तपासण्या लागल्या तर उदगीरचं पशुवैद्यकीय महाविद्यालय तुमच्याच जिल्ह्यात आहे.

किती दिवस लागतील? नीट केलं तर दोन-तीन आठवड्यांत घरातले प्रसंग निम्म्यावर येतील. पूर्ण भरवसा मात्र सहा ते आठ महिन्यांच्या वयाला, काही शित्झू वर्ष घेतात. मध्ये एखादं लग्नकार्य, दिवाळीचे फटाके, आठवडाभराचा पाऊस आला की ती पुन्हा मागे जाईल. पोटाचे केस ओल्या जमिनीला लागले की तिला गार वाटतं, ते कापून आखूड ठेवा. तेव्हा रागावू नका, चार दिवस परत पाऊण तासाच्या गजरावर या. महिनाभर घरात एकही प्रसंग नसेल तेव्हाच एकेक खोली मोकळी करा. आणि जिन्याच्या दाराला तिच्या उंचीवर एक घुंगरू बांधा, पोळ्याला बैलाला बांधतो तसलं छोटं. प्रत्येक वेळी वर जाताना तिचा पंजा त्याला लावा. हिचं भुंकणं दुसऱ्या खोलीत ऐकू येत नाही, घुंगरू येतं.

पंधरा दिवसांनी कॅलेंडरच्या पानाचा फोटो आणि तिचं वजन मला पाठवा. रात्रीच्या वेळा विशेष नीट लिहा, रात्रीचं उठणं कधी बंद करायचं ते त्यावरूनच ठरवू.